खाडीपलीकडची गावं

“प्रवासवर्णन द्या, पण अलास्काची क्रूझ नको, तीन आधीच आली आहेत,” असा संपादकांचा फोन आला आणि मला हायसं वाटलं. अलास्काला मी गेलेलोच नाही. पंचाहत्तरीनंतर गुडघे नेतील तेवढंच जग. म्हणून बॉल्टिमोरजवळच्या आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर असलेल्या गावांविषयी लिहितो. आपल्यातल्या बहुतेकांनी या गावांच्या पाट्या पाहिल्या आहेत, गावं मात्र थोड्यांनीच पाहिली असतील. ओशन सिटीला जाताना बे ब्रिज ओलांडला की रूट ५० वर ईस्टन, सेंट मायकल्स, ऑक्सफर्ड, केंब्रिज अशी नावं एकामागून एक येतात. मागच्या सीटवरून “अजून किती वेळ?” हा गजर चालू असतो, समुद्र गाठायची घाई असते, आणि पाट्या मागे पडतात.

यंदा ऑगस्टमध्ये आम्ही तिघं निघालो: मी, आमची ही, आणि सोळा वर्षांची नात. नातीला नुकतंच लर्नर्स परमिट मिळालं होतं आणि तिला गाडी चालवण्याचे तास भरायचे होते. “आबा, मी चालवते, तू फक्त बाजूला बस,” असं तिने जाहीर केलं. ही मागे बसून रामरक्षा म्हणू लागली. बे ब्रिज सव्वाचार मैलांहून लांब आहे, खूप उंच जातो, आणि काही लोकांना त्याची इतकी धास्ती वाटते की पैसे घेऊन दुसऱ्याची गाडी पलीकडे नेऊन देणारे चालकही तिथे मिळतात. मध्यावर आल्यावर हिने रामरक्षा थांबवून विचारलं, “तसा माणूस आत्ता बोलावता येईल का?”

या पुलाशी माझं थोडं नातं आहे. पहिला पूल १९५२ साली खुला झाला, त्याला लागून असलेला दुसरा १९७३ साली. त्याच १९७३ मध्ये मी पीएच.डी. करायला या देशात आलो. भूशास्त्र माझा विषय, पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तेच शिकवलं. त्यामुळे पुलावरून खाली पाहताना गप्प बसणं मला जमत नाही. नातीला म्हटलं, “ही चेसापीक बे म्हणजे बुडालेली नदी आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्र कितीतरी खाली होता आणि इथून सुस्क्वेहाना नदी वाहायची. बर्फ वितळलं, समुद्र वर आला, दरीत शिरला. म्हणून ही दोनशे मैल लांब आहे, पण सरासरी खोली एकवीसच फूट.” आमच्या कोकणातल्या खाड्यांचीही कथा बरीचशी अशीच आहे, हेही मी जोडलं. ती म्हणाली, “आबा, प्लीज, मी लेन चेंज करतेय.”

पुलाच्या पलीकडचा भाग म्हणजे ईस्टर्न शोर. इथली गावं तंबाखूच्या व्यापारावर उभी राहिली. जहाजं थेट इंग्लंडहून यायची. मग मोठी बंदरं पुढे गेली, बॉल्टिमोर वाढलं, आणि ही गावं मागे राहिली. पुढे कालवांचा धंदा आला, भरभराटला, आणि अतिउपशाने आणि रोगांनी बसला. गावांकडे जुनी घरं पाडून नवी बांधण्याएवढा पैसा बराच काळ नव्हता. मग पूल झाला, शहरातली माणसं आली आणि म्हणाली, “किती गोड गाव आहे, जुनं सगळं कसं तसंच ठेवलंय!” गावं देखणी राहिली ती बऱ्याच अंशी पैशाच्या चणचणीने. कोकणातली माडीची घरं आणि लाल चिऱ्याचे गडगे पाहून मुंबईकर जे म्हणतात, तेच हे.

कोकणाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय, त्याला कारण आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर जूनपासून एक पाकीट पडलं होतं. माझं गाव दाभोळच्या खाडीकाठी, वाशिष्ठीच्या बाजूला. वडिलोपार्जित घर आणि खाडीपर्यंत उतरणारं माडांचं आगर आहे. सातबाऱ्यावर आम्हा चौदा जणांची नावं. चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, कळवलं होतं की एक रिसॉर्टवाला सगळी जागा घ्यायला तयार आहे, भाव चांगला आहे, तेरा जणांची संमती झाली आहे, “तू तेवढं मुखत्यारपत्र कॉन्सुलेटमधून शिक्का मारून पाठव.” मी “पाठवतो” म्हणालो होतो आणि पाठवलं नव्हतं. का नव्हतं, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं.

पहिला मुक्काम ईस्टन. टॅलबट काउंटीचं हे मुख्य गाव. विटांचे पदपथ, छोटी पुस्तकांची दुकानं, आणि सतराव्या शतकातलं लाकडी क्वेकर सभागृह. गावाच्या मधोमध कोर्टाची इमारत आहे आणि तिच्यासमोर हात उंचावून भाषण करणारा एक माणूस ब्राँझमध्ये उभा आहे: फ्रेडरिक डग्लस. हा पुतळा २०११ साली बसवला. त्याच आवारात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैनिकांचं स्मारक शंभर वर्षांहून अधिक काळ होतं. दोन्ही काही वर्षं एकाच हिरवळीवर उभी होती. दुसरं २०२२ साली हलवलं.

मी ईस्टनला १९८० नंतर सात-आठ वेळा तरी आलो असेन. आईस्क्रीम खाल्लं, जुने नकाशे विकत घेतले. डग्लस इथलाच, हे मला ठाऊक नव्हतं. ते मला नातीने सांगितलं, कारण शाळेत त्यांनी त्याचं आत्मचरित्र वाचलं होतं. १८१८ साली याच काउंटीत गुलाम म्हणून जन्म. बॉल्टिमोरला मालकिणीने अक्षरं शिकवायला सुरुवात केली, मालकाने ती थांबवली, मग त्याने रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडून चोरून वाचायला शिकून घेतलं. पंधराव्या वर्षी त्याला सेंट मायकल्सला परत आणलं. तिथे त्याने आपल्यासारख्यांसाठी रविवारची शाळा काढली आणि गावातले प्रतिष्ठित लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांनी ती मोडली. पुढे होडीतून पळायचा बेत केला, तो फुटला, आणि त्याला याच ईस्टनच्या तुरुंगात ठेवलं. १८३८ मध्ये तो अखेर निसटला. चाळीस वर्षांनी, १८७८ साली, मोठा नामांकित माणूस होऊन तो इथे परत आला आणि त्याने याच कोर्टात भाषण केलं.

“तू इतक्या वेळा आलास आणि तुला माहीत नव्हतं?” नातीने विचारलं. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. मी म्हटलं, “तेव्हा पुतळा नव्हता.” उत्तर देतानाच ते किती तोकडं आहे हे कळत होतं.

तिथून सेंट मायकल्स वीस मिनिटांवर. हे या सगळ्या गावांत सर्वांत नटलेलं. एकच मुख्य रस्ता, टॅलबट स्ट्रीट, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला पाणी. इथली आवडती दंतकथा अशी की १८१३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी हल्ला केला तेव्हा गावकऱ्यांनी दिवे मालवून झाडांच्या शेंड्यांवर कंदील टांगले आणि तोफगोळे गावावरून निघून गेले. लढाई खरी आहे, कंदिलांबद्दल इतिहासकार शंका घेतात. पण एका घराला ‘कॅननबॉल हाऊस’ म्हणतात, कारण म्हणे एक गोळा छपरातून शिरला आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून टप्पे खात खाली आला. हिला ही गोष्ट फार आवडली. “आपल्याकडे असती तर त्या गोळ्याला शेंदूर फासला असता,” ती म्हणाली.

सेंट मायकल्सला गेलात तर चेसापीक बे मेरिटाइम म्युझियम चुकवू नका. मुलांना घेऊन जा. तिथे १८७९ सालचा हूपर स्ट्रेट दीपस्तंभ आहे. आपल्या डोळ्यांना सवय असते तसा उंच मनोरा नाही. सहा कोनी लाकडी घर, तळात फिरवून रोवलेल्या लोखंडी खांबांवर उभं, वर दिवा. पूर्वी तो खाडीत मध्येच होता. मोडीत काढायची वेळ आली तेव्हा म्युझियमने तो १९६६ साली पाण्यावरून इथे आणला. वर चढून गेलं की राखणदाराची खाट, चूल आणि दहा बाजूंनी दिसणारं पाणी. माझे गुडघे पहिल्या मजल्यावर थांबले. नात वर गेली.

खाली स्किपजॅक जातीची बोट बांधलेली होती. शिडावर चालणारी ही बोट कालवं खरवडून काढायला वापरत. १९८५ पासून ती मेरीलँडची राज्यनौका आहे. तिच्याजवळ एक म्हातारा स्वयंसेवक माहिती देत होता. आयुष्यभर खाडीवर काम केलेला. इथे त्यांना ‘वॉटरमन’ म्हणतात: उन्हाळ्यात खेकडे, थंडीत कालवं. मुलगे काय करतात विचारलं तर म्हणाला, एक ट्रक चालवतो, एक बॉल्टिमोरला गोदामात आहे. “बोट चालवून डिझेलही सुटत नाही आता.” मग त्याने मला विचारलं, मूळचे कुठले? मी सांगितलं, भारतातले, तुमच्यासारख्याच एका खाडीवरचे. त्याचा चेहरा उजळला. “मग तुम्ही काय पकडायचा?”

मी गडबडलो. आमच्या घरात मासळी शिजत नव्हती. चिंबोऱ्या, कालवं, तिसऱ्या ही नावं मला ठाऊक होती ती खालच्या आळीतून येणाऱ्या वासामुळे. खेकडा मी पहिल्यांदा खाल्ला तो मेरीलँडमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. “आम्ही काही पकडत नव्हतो,” मी म्हटलं. तो मान डोलावून दुसऱ्या कुटुंबाकडे वळला. नात मात्र तिथेच उभी होती. “मग कोण पकडायचं?” तिने विचारलं.

“भोई,” मी म्हटलं. “सांगतो नंतर.”

संध्याकाळी धक्क्यावर खेकडे खायला बसलो. टेबलावर तपकिरी कागद, प्रत्येकाला एक लाकडी हातोडी, आणि वाफवलेल्या निळ्या खेकड्यांचा लालभडक ढीग, वर ओल्ड बे मसाल्याचा जाड थर. हिने श्रावण असल्याने मक्याची कणसं मागवली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. ओल्ड बेची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवी. ज्या मसाल्याशिवाय मेरीलँडच्या माणसाला खेकडा गोड लागत नाही, तो बनवला गुस्ताव ब्रुन नावाच्या जर्मन ज्यू निर्वासिताने. नाझींच्या छळछावणीतून सुटून तो कुटुंबासह बॉल्टिमोरला आला आणि १९३९ च्या सुमारास त्याने हा मसाला तयार केला. बाहेरून आलेल्या माणसाची चव इथे मुळचीच होऊन बसली आहे.

तशीच दुसरी गोष्ट त्या टेबलावरच्या क्रॅब केकची. खेकड्याचं मांस हाताने सोलावं लागतं. दक्षिणेकडे डॉर्चेस्टर काउंटीतल्या हूपर्स आयलंडवरच्या कारखान्यांत ते काम आज बरंचसं मेक्सिकोहून हंगामी व्हिसावर आलेल्या बायका करतात. आपण मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला एच-१बीच्या कहाण्या सांगतो. त्यांच्या व्हिसाचं नाव एच-२बी. एका अक्षराचाही फरक नाही, फक्त आकड्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यासाठी मुद्दाम आलो होतो ते: ऑक्सफर्डची फेरी. सेंट मायकल्सहून रॉयल ओकमार्गे बेलव्ह्यू नावाच्या छोट्या वस्तीत गेलं की ट्रेड एव्हन नदीच्या काठी रस्ता संपतो. तिथे थांबायचं. पलीकडून चपटी बोट येते, मोजक्या गाड्या घेते, आणि दहा मिनिटांत पलीकडे ऑक्सफर्डला सोडते. ही फेरी सुरू झाली १६८३ साली. आपल्या हिशेबाने सांगायचं तर रायगडावर संभाजी महाराजांचं राज्य होतं तेव्हा. मधला काही काळ वगळता ती तेव्हापासून चालत आली आहे. हिवाळ्यात बंद असते, म्हणून निघण्याआधी वेळापत्रक बघून घ्या.

पाण्यावरून ऑक्सफर्ड चित्रासारखं दिसतं. पांढरी घरं, लांब हिरवळ, काठावर सावकाश हलणारी शिडं. काही फुटांवरच्या त्या शांततेला भुलून पूर्वी मी बोटीत पुढच्या कठड्याशी उभा राहायचो. या वेळी नातीने मागे बोट दाखवलं. बेलव्ह्यूच्या धक्क्यावर तिने एक माहितीचा फलक वाचला होता. ती साधी घरं मागे पडत होती ती कृष्णवर्णीय खेकडेवाल्यांची आणि कालवं सोलणाऱ्यांची जुनी वस्ती. तिथे कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मालकीचे सीफूडचे कारखानेसुद्धा होते. चाळीस वर्षांत मी बेलव्ह्यूला फक्त रांगेत थांबलो होतो.

“आता सांग,” ती म्हणाली. “भोई.”

तर सांगितलं. आमच्या गावी पूल नव्हता आणि माध्यमिक शाळा खाडीच्या पलीकडे होती. रोज सकाळी तर लागायची, म्हणजे होडी. ती चालवणारं भोयाचं घर आमच्या आगराच्या टोकाशी, पाण्याच्या अगदी वर, आमच्याच जागेत खोपट बांधून राहायचं. शाळेच्या मुलांकडून तो पैसे घ्यायचा नाही. भाताच्या वेळी घरोघर फिरून वर्षाचं भात न्यायचा. आमच्या घरी आला की तो अंगणात उभा राहायचा, ओट्यावर चढायचा नाही. त्याच्यासाठीची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असायची आणि चहा झाल्यावर ती तोच विसळून ठेवायचा. आम्ही पोरंसुद्धा त्याला “ए तरवाल्या” अशी हाक मारायचो. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

त्याचा मुलगा माझ्या वर्गात. गणितात माझ्यापुढे. होडीत आम्ही शेजारी बसून पाढे म्हणायचो. सातवीनंतर त्याच्या वडिलांचा हात अधू झाला. मग होडी तीच, पोरंही तीच, फक्त तो वल्ह्यावर आला. पुढची चार वर्षं त्याने मला शाळेत पोचवलं. मी मॅट्रिकला केंद्रात पहिला आलो तेव्हा पेढे द्यायला मी सगळीकडे गेलो, खाली खोपटापर्यंतही गेलो. आत गेलो नाही.

नात बराच वेळ काही बोलली नाही. बोट धक्क्याला लागली तेव्हा म्हणाली, “त्याच्या वडिलांचं नाव काय होतं?”

मला ते आठवेना. आजही आठवत नाही. कदाचित मला ते कधी ठाऊकच नव्हतं.

मला तुलना करायची नाही. गुलामगिरी वेगळी, आमच्या गावची रीत वेगळी, आणि एकीने दुसरी मोजायला गेलं की दोन्हींवर अन्याय होतो. मला फक्त एवढंच कळलं की आदल्या दिवशी ईस्टनला “तेव्हा पुतळा नव्हता” हे जे उत्तर मी दिलं, तेच उत्तर माझ्या गावाबद्दलही मी आयुष्यभर देत आलो होतो. गाव किती सुंदर होतं हे मी या मंडळाच्या अंकात दोनदा लिहिलं आहे. ज्यांच्याकडे जुने अंक असतील त्यांनी पाहावं. माड आहेत, पाणी आहे, चांदणं आहे. होडी आहे. होडी चालवणारा नाही.

ऑक्सफर्डला स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर पाण्याकाठी थोडं चाललो आणि मग चॉपटँक नदीवरचा लांब पूल ओलांडून केंब्रिजला आलो. हे गाव कमी नटलेलं, आणि म्हणूनच मला जास्त खरं वाटलं. इथल्या एका भिंतीवर हॅरिएट टबमनचं मोठं चित्र आहे. भिंत फोडून ती बाहेर येते आहे आणि हात पुढे करते आहे. लोक त्या हातात हात देऊन फोटो काढतात. आम्हीही काढला. टबमन या काउंटीतच १८२२ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मली. स्वतः निसटल्यावर ती पुन्हा पुन्हा इथे परत आली. सुमारे तेरा फेऱ्या केल्या आणि सत्तर-एक माणसांना बाहेर काढलं. तिच्या नावाचं सुरेख माहिती केंद्र २०१७ साली जवळच चर्च क्रीकला झालं आहे. त्याला किमान दोन तास द्या.

केंद्राला लागूनच ब्लॅकवॉटर अभयारण्य आहे. आत गेलो तेव्हा डासांनी स्वागत केलं आणि हिने खिडक्या उघडायला मनाई केली. सपाट दलदल, गरुड, बगळे, आणि पाण्यात उभी असलेली वाळलेली पाइनची झाडं. खारं पाणी मुळांशी पोचलं की जंगल उभ्या उभ्या मरतं. इथे माझा विषय पुन्हा आला. या भागात समुद्र वर येतोय आणि जमीनही खाली जातेय. हिमयुगात उत्तरेकडे बर्फाच्या वजनाने भूकवच दबलं, तेव्हा हा भाग फुगून वर आला होता. बर्फ गेल्यापासून तो हळूहळू बसतोय, अजून बसतोच आहे. गेल्या शंभर वर्षांत बॉल्टिमोरला पाणी सुमारे एक फूट चढलं. दक्षिणेकडच्या हॉलंड आयलंडवर एकेकाळी शाळा, चर्च, दुकानं असं नांदतं गाव होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काठ ढासळू लागला तशी माणसं घरं उचलून मुख्य भूमीवर गेली. शेवटचं उरलेलं एकटं घर २०१० च्या ऑक्टोबरमध्ये पाण्यात कोसळलं.

हे सगळं मी वर्गात अनेकदा शिकवलं आहे. त्या दिवशी खिडकीतून पाहताना मनात वेगळंच चाललं होतं. टबमन लहानपणी याच पाण्यात कस्तुरी-उंदरांचे सापळे तपासायची. या दलदलीची खडान्‌खडा माहिती तिच्याकडे होती ती तिला इथे राबवलं गेलं म्हणून. जमिनीचे कागद ज्यांच्याकडे होते त्यांच्यापेक्षा ती जमीन तिला जास्त ठाऊक होती.

परतताना गाडी मीच चालवली. नात झोपली होती. घरी पोचल्यावर रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, मी दादाला फोन केला आणि विचारलं, आगराच्या टोकाचं भोयाचं घर अजून आहे का? दादा म्हणाला, “आहे की. पण त्यांचा कागद कुठे आहे? रिसॉर्टवाल्याला रिकामी जागा हवी. त्यांना काहीतरी देऊन उठवू.” मी नंबर मागितला.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गमित्राशी बोललो. नाव छापत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. साठ वर्षांनी आवाज ऐकला, तरी ओळखला. खाडीवर पूल झाल्यावर तर बंद पडली. वरच्या बाजूला कारखाने आले तशी मासळीही कमी झाली. मुलगा रिक्षा चालवतो, नातू चिपळूणला कॉलेजात आहे, गणित घेतलंय. हे सांगताना तो थोडा थांबला. “होडी आहे अजून,” म्हणाला, “नातवाने इंजिन बसवलंय. तुम्ही आलात तर फिरवतो.”

“अरे, तुम्ही काय म्हणतोस? होडीत तर तू मला अरे-तुरे करायचास.”

तो हसला. “होडीत करायचो. तुमच्या अंगणात आलं की बाबा डोळे वटारायचे. आता जीभ वळत नाही हो.”

जागेबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. मीच काढला. तेव्हा म्हणाला, “तुमची जागा, तुम्ही ठरवाल तसं.” त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. फोन ठेवण्याआधी मी त्याला त्याच्या वडिलांचं नाव विचारलं. त्याने सांगितलं, आणि मी ते मुखत्यारपत्राच्या पाकिटावर लिहून ठेवलं.

मग दादाला लिहिलं: मी सही करतो. पण आधी त्या खोपटाची जागा आणि पाण्यापर्यंत उतरणारी वाट यांची मोजणी होऊन ती त्यांच्या नावावर व्हायला हवी. माझ्या हिश्शातून करा, माझे पैसे त्या प्रमाणात कमी करा. दादाचं उत्तर आलं. भावनेच्या भरात व्यवहार होत नाहीत; वाट दिली तर रिसॉर्टवाला पाण्याचा काठ कसा घेईल; आणि तू पन्नास वर्षं तिकडे राहून इकडच्यांना शहाणपण शिकवतोस. शेवटचं वाक्य चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. आमचं बोलणं सध्या ताणलेलं आहे. बाकी हिस्सेदारांपैकी दोन बहिणींनी मात्र मला फोन करून सांगितलं की त्यांनाही हे पटतंय. नाताळच्या सुट्टीत मी आणि नात गावी जाणार आहोत. काय होईल ते तिथे बसून ठरेल. पाकीट अजून टेबलावरच आहे.

तर, तुम्ही ईस्टर्न शोरला जरूर जा. पुतळ्याच्या निमित्ताने ईस्टनला तासभर थांबा. सेंट मायकल्सला राहा, पण शनिवारची गर्दी टाळा. ऑगस्टमध्ये खाडीत पोहू नका, जेलीफिश असतात. खेकडे खाणार असाल तर जुने कपडे घाला. फेरी बेलव्ह्यूच्या बाजूने पकडा आणि बोट सुटण्याआधी थोडं त्या काठावर चाला. मुलांना सोबत न्या आणि त्यांनी प्रश्न विचारले तर “सांगतो नंतर” म्हणू नका.

याच अंकाच्या इंग्रजी विभागात आमच्या नातीनेही या दोन दिवसांविषयी लिहिलं आहे. तिचा लेख माझ्याहून बराच छोटा आहे. पुलावर मी भूशास्त्रावर व्याख्यान देऊन तिचं लक्ष विचलित केलं असा त्यात आरोप आहे, आणि तो खरा आहे.